सोनोरन वाळवंटातली बाग

अमेरिकेत मुलांकडे जाणारे मराठी आईवडील ग्रँड कॅनियन हौसेने बघून येतात. त्याच ॲरिझोना राज्यात, बरंच दक्षिणेला, टूसॉन शहराजवळ एक बाग आहे. तिच्याविषयी आज मला बोलायचं आहे.

तिचं नाव ‘ॲरिझोना-सोनोरा डेझर्ट म्युझियम’, स्थापना 1952 सालची. नावात म्युझियम असलं तरी ते प्राणिसंग्रहालय आहे आणि वनस्पती-उद्यानही. बहुतेक सगळं उघड्या आकाशाखाली. हत्ती, जिराफ इथे नाहीत. अमेरिका-मेक्सिको सीमेच्या दोन्ही अंगांना पसरलेल्या सोनोरन वाळवंटात आणि त्याच्या परिसरात जे जगतं, तेच इथे बघायला मिळतं. या जागेचं मोठेपण मला त्यातच वाटतं, कारण इथे जनावर झाडापासून तोडून दाखवावं लागत नाही.

सग्वारो निवडुंगाचंच बघा. तो तीन-चार मजली इमारतीएवढा उंच होतो, पण पहिली फांदी फुटायला 50 ते 75 वर्षं लागतात. रोपटं असताना त्याला ऊन आणि थंडी दोन्ही सोसत नाहीत. आडोसा देतं ते बऱ्याचदा पालो व्हर्दे, पानं झडली तरी हिरव्या सालीतून अन्न तयार करणारं झाड. पुढे थोराड सग्वारोत गिला सुतारपक्षी ढोली कोरतो. निवडुंग ती जखम आतून कठीण आवरणाने बंद करून पाणी राखतो, आणि सुतारपक्षी गेला की तिथे चिमणीएवढं एल्फ घुबड राहायला येतं. सग्वारोची पांढरी फुलं रात्री उमलतात, दुसऱ्या दुपारपर्यंत मिटतात. तेवढ्या वेळात वटवाघळं, मधमाश्या, पक्षी येऊन जातात. जूनच्या सुमारास फळं पिकली की इथले मूळ रहिवासी तोहोनो ओओडम लोक सग्वारोच्याच वाळक्या फासळ्यांच्या लांब काठीने ती पाडतात. त्यांचं नवं वर्ष या फळांच्या हंगामापासून सुरू होतं, पावसाच्या तोंडावर.

हो, पाऊस! हिवाळ्यात संथ, जुलै-ऑगस्टमध्ये विजांच्या कडकडाटासह, असा तो तिथे वर्षातून दोनदा येतो. उन्हाळी पावसाला तिथले लोकही मान्सूनच म्हणतात. एवढी झाडं या वाळवंटात आहेत, ती या दोन पावसांमुळे.

हिवाळ्यात या बागेत गेलात तर हॅरिस हॉक पक्ष्यांची मोकळी भरारी चुकवू नका. शिकारी पक्षी सहसा एकेकटे. हे मात्र कुटुंबाने मिळून शिकार करतात. उन्हाळ्यात जाणार असाल, तर दार उघडतानाच पोचा. दुपारी बहुतेक प्राणी सावली धरतात, आणि माणसानेही ती धरावी.