मायभूमीची कसोटी

(नांदेड येथे कार्यकर्त्यांपुढे केलेल्या भाषणाचा सारांश)



ज्यूंच्या मायभूमीच्या प्रश्नाशी नांदेड-लातूरच्या कार्यकर्त्यांना काय कर्तव्य आहे, असे कोणी विचारील. त्याचे उत्तर कोकणातील 'शनवार तेल्यां'च्या इतिहासात सापडते.

अलिबागजवळ नवगावच्या किनाऱ्यावर तारू फुटले व त्यातून आपले पूर्वज वाचले, अशी बेने इस्रायल समाजाची परंपरागत श्रद्धा आहे. हे लोक तेलाचा घाणा चालवीत आणि शनिवारी तो बंद ठेवीत. म्हणून त्यांना हे नाव पडले. त्यांनी गावांवरून आडनावे घेतली, मराठी ही त्यांची मातृभाषा झाली. युरोपात ज्यूंचा संहार झाला. येथे धर्मापायी त्यांचा छळ झाला नाही. १९३७ साली डॉ. ई. मोझेस मुंबईचे महापौर झाले.

तरीही १९४८ साली इस्रायल स्थापन झाल्यावर बहुतेक कुटुंबे क्रमाक्रमाने तिकडे गेली. धर्मश्रद्धेची ओढ होती, चांगल्या जीवनाची आशाही होती. पण तेथे भेदभाव वाट्यास येताच काहींनी धरणे धरले व १९५२ साली ते मुंबईस परतले. १९६२ साली तेथील धर्मपीठाने या समाजाच्या विवाहांपूर्वी वंशाची चौकशी करण्याचा आदेश काढला. ज्यांनी शतकानुशतके शनिवार पाळला, त्यांच्याच ज्यूपणाविषयी शंका! अखेर १९६४ साली त्यांनी जेरुसलेममध्ये आंदोलन केले, तेव्हा ते सर्वार्थाने ज्यू असल्याचा निर्वाळा संसदेला द्यावा लागला. मायभूमीतही समता लढूनच मिळवावी लागली.

त्याच भूमीतून १९४८ च्या सुमारास सुमारे सात लाख पॅलेस्टिनी अरब बेघर झाले. युरोपच्या पापाची किंमत त्यांनी मोजली. एकाचे घर दुसऱ्याच्या घरावर उभे राहिले, की शांतता दूरच राहते.

आणि मराठवाड्यात? २७ जुलै १९७८ रोजी विद्यापीठास डॉ. आंबेडकरांचे नाव देण्याचा ठराव विधिमंडळाने केला. त्यानंतर याच नांदेड जिल्ह्यात दलितांची घरे जाळली गेली. टेंभुर्णीत पोचीराम कांबळे यांची हत्या झाली. हे लोक समुद्रापलीकडून आलेले नव्हते. पिढ्यान्‌पिढ्या ह्याच मातीत राबलेले होते. तरी त्यांना आपल्याच गावात परके ठरविण्यात आले. नामविस्तारासाठी १९९४ साल उजाडावे लागले.

तेव्हा ज्या भूमीत सर्वांत दुबळा मनुष्य निर्भयपणे राहू शकतो, तीच मायभूमी. ही कसोटी जगाला लावण्यापूर्वी प्रत्येक कार्यकर्त्याने ती आपल्या गावाला लावून पाहावी.