शस्त्रक्रियेनंतर मैदानावर कधी?

(माजी विद्यार्थी स्नेहमेळाव्याच्या दुपारच्या सत्रात, प्लास्टिक सर्जन असलेल्या आपल्या एका माजी विद्यार्थिनीने केलेल्या भाषणाचा मजकूर)



संयोजकांनी मला ‘आरोग्य’ एवढाच विषय दिला होता. पण सकाळी चहाच्या वेळी तिघांनी मला एकेक करून बाजूला घेतलं आणि "घरच्या एकाचं विचारायचं होतं" अशी सुरुवात केली. एकाचा मेहुणा केस लावून घेणार आहे, एकीच्या वहिनीला पोटाचं ऑपरेशन करायचंय, एकाचा भाचा आहे. तिघांचा शेवटचा प्रश्न मात्र एकच होता, नंतर व्यायाम आणि खेळ कधी सुरू करायचा? हळू आवाजात विचारलेल्या त्या प्रश्नाचं उत्तर मी आता माईकवरून देते.

कॉस्मेटिक सर्जरी म्हटलं की आपल्याला सिनेमातली माणसं आठवतात. माझ्याकडे येतात ती माणसं निराळी. जड झुब्यांनी कानाची पाळी फाटलेल्या मावश्या, बाळंतपणानंतर पोटाचे स्नायू फाकलेल्या बायका, आणि छाती मुलींसारखी वाढली म्हणून तालमीत सदरा न काढणारी मुलं. या मुलांच्या त्रासाला आम्ही गायनेकोमॅस्टिया म्हणतो. ऑपरेशन साधारण तास-दीड तासाचं. अवघड जातं ते पुढचे सहा आठवडे.

असाच एक मुलगा. गाव सांगत नाही. पोलीस भरतीची तयारी करत होता. घरी सांगितलं मित्राकडे जातोय, आणि ऑपरेशन करून घेतलं. सराव का चुकवतोस असं सगळे विचारतील म्हणून सहाव्या दिवशी सोळाशे मीटर धावला. रात्री एका बाजूला छाती टणक फुगली. आत रक्तस्राव झाला होता. पुन्हा टाके उघडावे लागले, आणि त्या वर्षीची भरती हुकली. त्याला नियम माहीत होते, मीच लिहून दिले होते. पण "मी का थांबलोय" हे कुणाला सांगायची सोय त्याच्याकडे नव्हती. या विषयातली खरी अडचण मला हीच दिसते. हर्नियाचं ऑपरेशन झालेला माणूस ऐटीत दोन महिने आराम करतो. दिसण्यासाठी ऑपरेशन केलेला माणूस चोरासारखा तिसऱ्या दिवशी कामाला लागतो. दोघांची कातडी मात्र सारख्याच गतीने भरते.

ती गती किती? तीन आठवड्यांनी जखमेची ताकद मूळ कातडीच्या चौथाईच्या आसपास असते. तीन महिन्यांनी ऐंशी टक्क्यांपर्यंत जाते, आणि पूर्ण शंभर कधीच होत नाही. वरून टाका सुकलेला दिसतो म्हणून आपण फसतो. शिवाय जोर लावला की रक्तदाब चढतो आणि नुकत्याच बंद झालेल्या बारीक रक्तवाहिन्या उघडू शकतात.

आपल्या बेटातल्या शुक्राचार्यांची संजीवनी विद्या सगळ्यांना ठाऊक आहे. कच जिवंत झाला आणि पुन्हा फुलं आणायला रानात गेला. टाके नाहीत, विश्रांती नाही! तेवढी सोय आमच्याकडे नाही. आमची परंपरा पुण्याजवळच्या एका विटा घडवणाऱ्या कारागिराची. इंग्रजांच्या फौजेत बैल हाकणारा कावसजी नावाचा मराठा १७९२ च्या लढाईत टिपूच्या हाती सापडला. त्याचं नाक आणि एक हात कापला गेला. वर्षभराहून अधिक काळाने या कारागिराने त्याला कपाळाच्या कातडीचं नवं नाक बसवून दिलं. ही हकिगत ऑक्टोबर १७९४ मध्ये लंडनच्या ‘जंटलमन्स मॅगझीन’मध्ये छापून आली, आणि ती वाचून कार्प्यू नावाच्या सर्जनने १८१४ मध्ये तिकडे तसं ऑपरेशन केलं.

मला त्यातलं वेळापत्रक फार आवडतं. कात पाण्यात कालवून त्याच्या पट्ट्या चार दिवस, मग तुपात भिजवलेल्या. पाच-सहा दिवस रुग्णाने उताणं पडून राहायचं. दहाव्या दिवशी नाकपुड्यांत मऊ कापडाचे बोळे. आणि कपाळाशी जोडलेली कातडीची पट्टी कापायची ती पंचविसाव्या दिवसाच्या सुमारास, त्याआधी नाही. ज्याच्या हातात सूक्ष्मदर्शक नव्हता त्या माणसाला थांबणं कळत होतं.

आता तिघांची उत्तरं. चालणं बहुतेक सगळ्यांनी दुसऱ्या दिवसापासूनच करायचं. पडून राहिलं तर पायाच्या शिरांत रक्ताची गुठळी होण्याची भीती असते. केस लावलेल्या मेहुण्यांनी घाम येईल असा व्यायाम दोनेक आठवडे आणि पोहणं महिनाभर टाळावं. भाच्याने दाबपट्टीचं जाकीट डॉक्टर सांगतील तितके दिवस घालावं, धावणं तीन-चार आठवड्यांनी, दंड-बैठकांतले दंड सहा आठवड्यांनंतरच.

वहिनींचं प्रकरण सगळ्यांत मोठं, कारण त्यात कातडीबरोबर पोटाचे स्नायूही शिवलेले असतात. पहिले काही दिवस थोडं वाकून चालावं लागतं. सहा आठवडे भरलेली घागर नाही, सिलिंडर नाही, नातवंड कडेवर नाही. सूर्यनमस्कार आणि भुजंगासन दोन-तीन महिन्यांनी, तेही डॉक्टरांनी पोट तपासल्यावर. इथे घरातल्या पुरुषांना सांगायचंय, बाईला ‘आराम कर’ म्हणणं सोपं आहे, घागर कोण उचलणार तेही त्याच वेळी ठरवा. नाकाच्या ऑपरेशननंतर कबड्डी किंवा क्रिकेट निदान तीन महिने नको. कोपर लागलं की हाड सरकतं. मिशरी आणि तंबाखू तर आधी चार आठवडे आणि नंतर चार आठवडे पूर्ण बंद, कारण निकोटीनने रक्तवाहिन्या आकसतात आणि कातडीच्या कडा काळ्या पडतात. साखर असलेल्यांनी ती आधी ताब्यात आणावी.

एका बाजूला अचानक सूज, ताप, पू, पोटरीत दुखून सूज, धाप, यातलं काही झालं तर सकाळची वाट पाहू नका.

समोर आपले क्रीडाशिक्षक बसले आहेत. सर, एखादा मुलगा ‘सहा आठवडे खेळता येणार नाही’ अशी चिठ्ठी घेऊन आला, तर कशाचं ऑपरेशन ते वर्गासमोर विचारू नका. चिठ्ठीवर मुदत असते, तेवढी पुरे. त्याला गुण मोजायला, शिट्टी वाजवायला बसवा, म्हणजे तो मैदानापासून तुटत नाही आणि लपूनही धावत नाही.

प्रश्न असतील तर पुढच्या रांगेत कोरे कागद ठेवलेत. नाव लिहू नका. ‘घरच्या एकाचं’ असंही लिहायची गरज नाही.