शिक्का नसलेला गज

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)

व्हायोलिनची मैफल संपली की आपण वादकाला दाद देतो. एखादा जाणकार व्हायोलिन कुणी बनवले, हेही विचारतो. पण ज्याच्या स्पर्शाने तार बोलते तो गज कुणी घडवला, हे सहसा कुणी विचारत नाही. आज अशाच एका गज घडवणाऱ्याची गोष्ट सांगतो.

दोमिनिक पेकात १८१० साली फ्रान्समधल्या मिरकूर गावी जन्मला. वडील न्हावी. पण मिरकूर हे वाद्ये घडवणाऱ्यांचे गाव. मुलगा वस्तरा सोडून लाकडाकडे वळला आणि १८२६ मध्ये पॅरिसला गेला. तिथे जाँ बातिस्त व्हियोम या नामांकित वाद्यकारांकडे कामाला लागला. तेही मूळचे मिरकूरचेच.

गज दिसतो साधा, वजन जेमतेम साठ ग्रॅम. पण त्यासाठी ब्राझीलच्या पेर्नांबुको झाडाचे कठीण तरी लवचीक लाकूड लागते. काठी तासायची, शेकून तिला आतल्या बाजूने बाक द्यायचा, मग घोड्याच्या शेपटीचे केस बसवायचे. फ्रान्स्वा तूर्त यांनी पक्की केलेली ही घडण पेकात यांनी अधिक दमदार केली. त्यांच्या गजाचे टोक कुऱ्हाडीच्या पात्यासारखे दिसते.

मात्र व्हियोमांच्या कार्यशाळेत घडलेल्या गजावर शिक्का बसे तो व्हियोमांचा. हात कारागिराचा, नाव दुकानाचे.

मी गझल लिहिणारा माणूस. गझलेच्या शेवटच्या शेरात कवी आपले नाव गुंफतो. पण तरुणपणी पोटासाठी मी इतरांची भाषणे आणि मानपत्रे लिहून दिली आहेत. टाळ्या पडत आणि मी मागच्या रांगेत बसून त्या ऐकत असे. घरी पैसे येत, त्याबद्दल तक्रार नाही. तरी त्या टाळ्या आपल्या नव्हेत, हे सलत राही.

१८३८ च्या सुमारास पेकात यांनी फ्रान्स्वा लुपो या दिवंगत गजकाराचे दुकान घेतले. आता शिक्का स्वतःचा होता. तरीही त्यांचे कितीतरी गज शिक्क्याविनाच राहिले. १८४७ मध्ये ते मिरकूरला परतले आणि १८७४ मध्ये तिथेच वारले.

आज त्यांचे गज मोठमोठे वादक जपून वापरतात. पेर्नांबुको झाड दुर्मिळ झाल्याने २००७ पासून त्याच्या व्यापारावर आंतरराष्ट्रीय निर्बंध आहेत. शिक्का नसलेला जुना गज हाती आला, तर जाणकार टोकाची ठेवण पाहतात आणि म्हणतात, हा पेकातचा!

हात लपत नाही, हे खरे. पण म्हणून नाव गिळणे योग्य ठरत नाही. कारागिराला ओळख मिळायची ती त्याच्या हयातीत मिळावी. पुढच्या मैफलीनंतर वादकाला एवढेच विचारा, गज कुणाच्या हातचा?