लेथवर उभा राहणारा मुलगा
(व्याख्यानाचा मजकूर)



यवतमाळ जिल्हा हा कापसाचा जिल्हा. कापड, किराणा, धान्य व सराफी यांवर समाजाच्या कित्येक पिढ्या येथे स्थिरावल्या. परंतु एकाच दुकानाच्या गादीवर तीन भावांची मुले कशी बसणार, हा प्रश्न आज अनेक घरांत आहे. दहावीस बेताचे गुण मिळालेल्या मुलाचा ओढा यंत्राकडे असला, तरी ‘हात काळे करण्याचे काम आपले नव्हे’ या एका वाक्याने विषय मिटविला जातो. सोलापूरच्या जैन कुटुंबात १८८२ मध्ये जन्मलेल्या वालचंद हिराचंद यांचे नाव व्यासपीठावर अभिमानाने घेतले जाते. त्यांनी १९४० मध्ये बंगळूरला विमानांचा कारखाना काढला, पुढे मोटारींचाही. मात्र असे कारखाने ज्याच्या हातावर चालतात, तो टर्नर मुलीसाठी स्थळ म्हणून सांगून आला, की बैठकीतील मंडळी गप्प होतात. हे कटू असले तरी खरे आहे.

लक्ष्मणराव किर्लोस्करांचे उदाहरण येथे मुद्दाम सांगण्यासारखे आहे. जन्म १८६९ चा. मुंबईस ते चित्रकला शिकण्यासाठी गेले. परंतु रंग ओळखण्यात दृष्टिदोष आढळल्याने तो मार्ग खुंटला. मग त्यांनी यांत्रिक रेखाटन शिकून व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमध्ये शिक्षकाची नोकरी धरली आणि तेथेच यंत्रांची ओळख करून घेतली. पुढे बेळगावात सायकलींचे दुकान, मग कडबा कापण्याचे यंत्र, मग लोखंडी नांगर. आणि १९१० मध्ये औंध संस्थानच्या माळरानावर किर्लोस्करवाडी. त्याच घराण्याने १९४१ मध्ये हरिहर येथे लेथ बनविण्याचा कारखाना उभारला. एक दार बंद झाले म्हणून हा गृहस्थ घरी बसला नाही.

आता प्रत्यक्ष कामाविषयी. लेथवर लोखंडाचा तुकडा, ज्यास कारागीर ‘जॉब’ म्हणतात, चकमध्ये पकडून फिरविला जातो आणि स्थिर धरलेले हत्यार त्याची साल काढते. नवशिक्याला पहिल्याच दिवशी जॉब मिळत नाही. प्रथम यंत्र पुसणे, तेल देणे, ग्राइंडरवर हत्यारास धार लावणे, व्हर्निअर वाचणे. मग समोरचे तोंड सपाट करणे, व्यास उतरविणे, उतार काढणे आणि सर्वांत शेवटी आटे पाडणे. यात नवशिका हमखास एक चूक करतो. हत्यार एक मिलिमीटर आत सरकविले, की व्यास दोन मिलिमीटरने घटतो, कारण साल चहूबाजूंनी निघते. हे विसरले, की जॉब भंगारात. कात्री चुकलेले कापड निदान चिंधीच्या भावाने तरी जाते, असा व्यापारी विनोद करता येईल. परंतु महागड्या पोलादाचा शाफ्ट पाव मिलिमीटरने बारीक झाला, तर बेअरिंग त्यावर बसत नाही आणि तो दोष लपविताही येत नाही.

धोकाही सांगितलाच पाहिजे. सैल बाही, गळ्यातील साखळी, मनगटावरील दोरा, हातमोजे यांपैकी काहीही फिरत्या जॉबमध्ये अडकले, तर यंत्र हात ओढून घेते. चकची किल्ली चकमध्येच विसरून यंत्र सुरू केले, तर ती गोळीसारखी उडते. निघालेला लोखंडी कीस हाताने नव्हे, आकडीने वा ब्रशने काढावयाचा. डोळ्यांवर चष्मा हवाच. दिवसभर उभे राहण्याची तयारीही हवी.

शिक्षणाचा मार्ग सरळ आहे. औद्योगिक प्रशिक्षण संस्थेतील टर्नर हा अभ्यासक्रम दोन वर्षांचा असून त्यास दहावी उत्तीर्ण विद्यार्थ्यास प्रवेश मिळतो. त्यानंतर १९६१ च्या शिकाऊ उमेदवार कायद्यान्वये कारखान्यात विद्यावेतनासह उमेदवारी करता येते. पुढे संगणकचालित सीएनसी यंत्रे आहेतच; पण हाताच्या लेथवर धातूचा स्वभाव ज्याला कळला, तोच तेथे लवकर तयार होतो.

काम जिल्ह्यातच आहे. जिनिंगच्या रोलरचा शाफ्ट झिजतो, ट्रॅक्टरची पिन तुटते, वणी परिसरातील कोळसा खाणींची यंत्रे आहेत, मुकुटबनचा सिमेंट कारखाना आहे. हंगामात जिनिंग एक दिवस बंद राहिले, तर कापसाच्या गाड्या फाटकापर्यंत उभ्या राहतात. त्या दिवशी चांगल्या टर्नरला घरून बोलावून आणतात. जिनिंगच्या रोलरवर चामड्याच्या चकत्या बसवितात, ही बाब समाजातील अनेकांना खटकते. मुंबईच्या कापूस तंत्रज्ञान संशोधन संस्थेने त्याऐवजी रबर लावलेल्या सुती कापडाचे रोलर विकसित केले आहेत. असे रोलर बनविणे व दुरुस्त करणे हा व्यवसाय एखाद्या तरुणाने येथे आरंभावा, अशी सूचना या निमित्ताने ट्रस्टपुढे ठेवण्यात येत आहे. त्याच्या पहिल्या लेथसाठी बिनव्याजी कर्जाचा विचार विश्वस्त मंडळाने पुढील सभेत करावा.