ओलीच्या जागेची लिली आणि आपला हिशेब

(जिल्हा बैठकीत प्रतापगडच्या महिला शेतकऱ्यांनी केलेल्या भाषणाचा मजकूर)



आम्ही प्रतापगडच्या बाया आज इथे फुलाविषयी बोलायला उभ्या आहोत. मागच्या रांगेत काही भाऊ हसले. धानाच्या भावाचे बोलायचे सोडून ह्या फुलाचे काय घेऊन बसल्या, असे त्यांना वाटले असेल. हसा, भाऊ. पण फुलाचा हिशेबही धानासारखाच मांडावा लागतो, आणि तो मांडला नाही तर फूलही धानासारखेच बुडवते. एवढेच सांगायला आम्ही आलो आहोत.

आपला मुलूख पाण्याचा. वर इटियाडोह, पलीकडे नवेगावबांध, आणि गावोगावी तलाव-बोड्या. धानाच्या बांधीला हे पाणी हवेच. पण प्रत्येकाच्या घरी एक अशीही जागा असते, जिथे पाणी नको असून साचते. बोरिंगचा ओटा, नहाणीची मोरी, बोडीच्या पाळीखालचा पाझर. तिथे वांगे सडते, मिरची पिवळी पडते. निशिगंध लावून पाहिला तर त्याचेही कंद कुजतात. आपण ती जागा चिखलाची म्हणून सोडून देतो.

त्या जागेवर राहणारे एक पीक आहे. बाजारात तिला नुसती लिली म्हणतात, रोपवाटिकेत स्पायडर लिली. कांद्यासारखा कंद, पट्ट्यासारखी हिरवीगार पाने, आणि एका दांड्यावर पांढऱ्या फुलांचा गुच्छ. सहा लांब, बारीक पाकळ्या कोळ्याच्या पायांसारख्या पसरतात आणि मधोमध पातळ पडद्याची वाटी असते. ती वाटी ही तिची खूण. आपल्याकडे नागदवणा म्हणतात तो हिचाच भाऊबंद. त्याची पाने रुंद आणि फुलाला वाटी नाही. लिलीचे मूळ घर मध्य अमेरिकेकडचे, दमट आणि दलदलीचे. म्हणून ओल तिला बाधत नाही. फूल संध्याकाळी उमलते आणि रात्रभर गोड वास देते.

लावायची कशी

पाऊस पडण्याच्या तोंडावर, मे-जूनमध्ये, कंद लावावा. कंद मातीत पुरेल एवढाच खड्डा, कंदाची मान मातीच्या बरोबरीने. दोन कंदांत दीड-दोन फुटांचे अंतर. कन्हार असो की सिहार, दोन्हींत ती येते. मात्र सिहार जमीन लवकर सुकते, तिथे पाण्याची सोय हवी. खत घालायचे तर जुने, पूर्ण कुजलेले शेणखत. ताजे शेण कंदाला लागले की कंद सडतो. ऊन अर्धा दिवस तरी मिळाले पाहिजे. दाट सावलीत नुसती पाने वाढतात, फूल धरत नाही.

ज्याच्याकडे सांदवाडी नाही त्याने फुटकी बालटी, जुना माठ किंवा तेलाचा डबा घ्यावा. बुडाला भोके पाडावीत. फूटभर रुंदीच्या भांड्यात मोठा एकच कंद लावावा, लहान असतील तर तीन. भांडे जड असावे, कारण पाने वाढली की हलके भांडे कलंडते. उन्हाळ्यात भांड्याखाली पाण्याची परात ठेवली तरी चालते. हिवाळ्यात वाढ मंदावते, तेव्हा पाणी कमी करावे. भांड्यात कंदांची थोडी दाटी झाली म्हणून घाबरू नये. फार मोकळ्या भांड्यात ती आधी पानेच वाढवते.

पानांवर काळ्या, पांढरट ठिपक्या-पट्ट्यांच्या अळ्या येतात आणि दोन दिवसांत झाड बोडके करतात. औषधाच्या दुकानात पळण्याआधी सकाळी उठून त्या वेचाव्यात. आणखी एक गोष्ट लक्षात ठेवा: हा कंद विषारी आहे. दिसतो कांद्यासारखा, पण पोटात गेला तर ओकाऱ्या आणि हगवण होते. घरातल्या कांद्याजवळ तो कधीही ठेवू नये, लेकरांना सांगून ठेवावे, आणि काढलेले कंद गोठ्याजवळ टाकू नयेत.

आम्ही कुठे चुकलो

आता आमची चूक सांगतो. पहिल्या वर्षी आम्ही कंद विकत आणले. विकणाऱ्याने सांगितले की तीन महिन्यांत फुले, आणि सगळा माल तोच उचलेल. आम्ही बचतीचे पैसे घातले. त्यातले बरेच कंद बोराएवढे होते, त्यांना वर्षभर फूल आले नाही. आले तेव्हा माल उचलणारा फिरकला नाही. लिलीचा कंद दोन-तीन वर्षांत स्वतःच पिल्ले देतो आणि एकाचा गड्डा होतो. ज्याच्या अंगणात जुना गड्डा आहे त्याच्याकडून चार कंद मागितले असते तर एक पैसा लागला नसता. म्हणून आमचे पहिले सांगणे असे की कंद विकत घेऊ नका. मागून आणा, वाढवा आणि पुढच्या घरी द्या.

दुसरी चूक बाजाराची. वसई-पालघरकडचे बागाईतदार लिलीच्या कळ्यांच्या जुड्या बांधून दादरच्या फुलबाजारात पाठवतात. आम्हाला वाटले, आपणही नागपूरला पाठवू. पण लिलीची कळी सकाळी खुडली की संध्याकाळी उमलते. उमललेल्या फुलाला बाजारात किंमत नाही. अर्जुनीच्या स्टेशनापर्यंत माल नेऊन गाडीची वाट पाहीपर्यंत आमच्या कळ्या उमलल्या. भाडे गेले, हमाली गेली, फुले फेकून द्यावी लागली.

मग आम्ही जवळचे गिऱ्हाईक पाहिले. महाशिवरात्रीला आमच्या गडावर केवढी यात्रा भरते, हे तुम्हाला सांगायला नको. एकाच डोंगरावर महादेव आणि दर्गा, दोन्हीकडे फूल लागते. पण त्या दिवसांत लिलीला फुले थोडी असतात. तिचा भर उन्हाळ्याच्या शेवटापासून पावसाळाभर. म्हणजे श्रावण, गणपती, गौरी. त्या वेळी तालुक्याच्या गावात आणि आजूबाजूच्या बाजारांत जेवढे खपते तेवढेच लावायचे, असे आम्ही ठरवले. ज्यादा फूल म्हणजे ज्यादा पैसा नव्हे. सगळ्या गावाने लावले तर गावातच भाव पडेल.

हिशेब कोणाचा

धानाला निदान एक आकडा जाहीर होतो. २०२५-२६ च्या हंगामासाठी साधारण धानाला क्विंटलमागे २३६९ रुपये. तो आकडा पुरतो का, हे आपण इथे दरवर्षी बोलतो. फुलाला आकडाच नाही. तिथे आपला हिशेब आपणच ठेवायचा.

आणि तो ठेवताना एक रकाना नेहमी कोरा राहतो. पहाटे उठून कळ्या खुडणार बाई, जुड्या बांधणार बाई, अळ्या वेचणार बाई. मोरीच्या कडेचे काम म्हणून त्याला कोणी मजुरी धरत नाही. आम्ही वहीत ते तास लिहायला लागलो. रोवणीच्या दिवसांत दुसऱ्याच्या बांधीत जी मजुरी मिळते तीच लावली. पहिल्यांदा हिशेब तोट्यात गेला. मग आम्ही लावणी कमी केली, लांबचा बाजार सोडला, आणि फुलाबरोबर भांड्यातली तयार रोपेही विकायला सुरुवात केली. भांड्यातल्या रोपाला नासण्याची घाई नसते. आज विकले नाही तर पुढच्या आठवड्याच्या बाजारात ते आणखी भरलेले दिसते. आता वही मजुरी धरून थोडी पुढे आहे. फार नाही. पण जे आहे ते खरे आहे.

भावांनो, बाईचे हात फुकट धरून काढलेला नफा हा नफा नव्हे. धानातही नाही, फुलातही नाही.

तेव्हा घरी गेल्यावर मोरीच्या कडेला एकदा नजर टाका. पाणी तुमचे, जागा तुमची, कंद शेजारच्या घरचा. खर्च काय तो मेहनतीचा. ती मेहनत पहिल्या दिवसापासून वहीत लिहा, आणि पुढच्या बैठकीला येताना ती वही सोबत घेऊन या. ज्यांना कंद हवेत त्यांनी बैठक संपल्यावर आमच्याकडे यावे. पिशवी आणली आहे. पैसे लागणार नाहीत.