शेजारी बसून केलेले वाचन

(पवई येथे स्वयंसेवक व पाठीराख्यांच्या मेळाव्यात केलेल्या भाषणाचा मजकूर)



पवईत आयआयटी आहे. तिथून जवळच, आरेच्या पाड्यांत, वारली, कोकणा, मल्हार कोळी कुटुंबे राहतात. तिथली सहावी-सातवीची मुले आपल्या संध्याकाळच्या अभ्यासवर्गाला येतात. त्यांच्याविषयी आज एकच गोष्ट सांगायची आहे. यातली पुष्कळ मुले धडा घडाघडा वाचतात. पण 'यातून काय कळले?' असे विचारले की गप्प होतात.

'प्रथम' संस्थेच्या पुढाकाराने २००५ पासून ग्रामीण भागात 'असर' ही पाहणी होते. घरोघरी जाऊन मुलाला दुसरीच्या पातळीचा उतारा वाचायला देतात. तो वाचता येणे हा पहिला उंबरठा आहे. सातवीच्या मुलाला त्यापुढे जायचे असते. लिहिलेल्या शब्दांमागे न लिहिलेले काय आहे, ते त्याला ओळखायचे असते.

हे केवळ परीक्षेच्या गुणांसाठी नाही. पाड्यावरच्या अनेक घरांत सगळ्यांत जास्त शिकलेले माणूस म्हणजे हेच मूल. नोटीस आली, अर्ज आला, की तेच वाचून दाखवते. जुन्या ठाणे जिल्ह्यात न समजलेल्या कागदावर अंगठा उठवून किती आदिवासींच्या जमिनी सावकारांकडे गेल्या, हे आपल्याला ठाऊक आहे. अक्षर आले आणि अर्थ नाही आला, तर अंगठ्याच्या जागी सही येईल, एवढाच फरक पडेल.

मग घरी काय करता येईल? मी मुलांना दोन ओळी देतो: 'आजीने तिन्ही नातवंडांना भाकरी वाढली. टोपली झाकून ती म्हणाली, मला आज भूक नाही.' पहिले उत्तर येते, 'आजीला भूक नव्हती.' मी 'चूक' म्हणत नाही. विचारतो, 'टोपली का झाकली असेल?' थोडा वेळ शांतता. मग कुणीतरी हळूच म्हणते, 'भाकरी संपली असेल.' ते मूल ओळींच्या आत शिरले!

यासाठी तीन प्रश्न पुरतात. काय घडले? तसे का घडले असेल? आणि हे तुला कोणत्या शब्दावरून कळले? तिसरा प्रश्न कधी सोडू नका. त्यामुळे मूल मनाला येईल ते न सांगता पुन्हा पानाकडे वळते. प्रश्न विचारल्यावर थांबा. उत्तर आपणच सांगून टाकण्याचा मोह आवरा.

घरची बोली आणि पुस्तकाची मराठी यांत अंतर असते. म्हणून गोष्ट आधी घरच्या बोलीत सांगू द्या, मग मराठीत लिहू द्या. बोलीत सांगताना मूल अडखळले, तर अर्थ लागलेला नाही असे समजा. बोलीत नीट सांगितले आणि मराठीत अडले, तर अडचण फक्त शब्दांची आहे.

आया म्हणतात, 'आम्हाला वाचता येत नाही, आम्ही काय शिकवणार?' त्यांना मी सांगतो, कोडे घालून उत्तराची वाट पाहणे तुम्हाला येते. कणसरीची गोष्ट तुम्हाला येते. भिंतीवरच्या चित्रात तारपा वाजवणाऱ्याभोवती माणसे फेर का धरतात, हे तुम्ही सांगू शकता. दिसते त्याच्या मागचे पाहणे ते हेच. मुलाला वाचू द्या आणि तुम्ही 'का?' विचारा. न वाचता येणाऱ्या आईचा 'का?' खराच असतो, कारण तिला उत्तर आधीपासून माहीत नसते.

प्रेषितांच्या कृत्यांच्या आठव्या अध्यायातला हबशी अधिकारी आपल्याला आठवतो. रथात बसून तो यशया वाचत होता. फिलिप्पाने त्याला समजते का, एवढेच विचारले. कुणी वाट दाखवल्याशिवाय कसे समजणार, असे तो मोकळेपणाने बोलला. मग फिलिप्प रथात चढून त्याच्या शेजारी बसला.

आपण वह्या देता, दप्तरे देता, त्याबद्दल मनापासून आभार. आता आठवड्यातली एक संध्याकाळही द्या. एका मुलाजवळ, त्याच्या आईलाही बोलावून, वीस मिनिटे बसा. एकच पान वाचा, पण त्यावर बोला. ज्यांना येता येणार नाही, त्यांनी आपल्या घरच्या सातवीतल्या मुलापासून सुरुवात करावी. त्यालाही याची तितकीच गरज आहे.