महिला क्रीडापटू आणि त्यांचे दात
(मंडळाच्या महिला शाखेपुढे दिलेले व्याख्यान)



दंतवैद्याने व्यासपीठावर यावे, ‘दात नीट घासा’ असे बजावावे आणि लवकर खाली बसावे, एवढीच श्रोत्यांची अपेक्षा असते हे आम्ही जाणतो. आज मात्र आपला थोडा अधिक वेळ घेण्याची आमची इच्छा आहे. एके काळी आपल्या मुली गणेशोत्सवातल्या संगीतखुर्चीपलीकडे जात नसत. आज त्यांतल्या काहींनी खेळ हाच व्यवसाय पत्करला आहे. सातारा जिल्ह्यातील ललिता बाबर २०१६ साली रिओच्या ऑलिंपिकमध्ये स्टीपलचेसच्या अंतिम फेरीत धावल्या, तेव्हा परप्रांतातल्या आपल्या घरांतूनही टाळ्या वाजल्याच. अशा मुलींचे गुडघे, घोटे, आहार यांची काळजी वाहणारे पुष्कळ असतात. तोंडात डोकावून पाहणारा क्वचितच.

२०१२ च्या लंडन ऑलिंपिकच्या वेळी ३०२ स्त्रीपुरुष खेळाडूंचे दात तपासण्यात आले. पंचावन्न टक्क्यांना कीड, शहात्तर टक्क्यांच्या हिरड्यांना सूज. दातांच्या तक्रारींचा सरावावर वा कामगिरीवर परिणाम झाला, असे अठरा टक्क्यांनी स्वतः सांगितले. पुढे ब्रिटनमधील ३५२ अव्वल खेळाडूंची पाहणी झाली. त्यांतले चौऱ्याण्णव टक्के दिवसातून दोनदा दात घासणारे, तरीही जवळजवळ निम्म्यांची कीड उपचारावाचून राहिलेली! तेव्हा येथे आळसाला दोष देऊन भागत नाही.

कारण बाटलीत आहे. शक्तिवर्धक म्हणून विकल्या जाणाऱ्या बहुतेक पेयांत साखर असते आणि आम्लही. दातावरचे कठीण कवच, ज्याला आम्ही दंतवल्क म्हणतो, ते साधारण साडेपाच पीएचच्या खाली विरघळू लागते. ही पेये सामान्यतः तीन ते चार पीएचची. एरवी लाळ हे आम्ल धुऊन काढते आणि खनिजे परत देते. पण दोन तास धावणाऱ्या मुलीचे तोंड कोरडे पडलेले असते आणि ती पेय एकदम न पिता घोटघोट घेते. म्हणजे रक्षणकर्ता रजेवर आणि हल्ला दर पाच मिनिटांनी. पेय घेतल्यावर साध्या पाण्याने चूळ भरावी. दात मात्र लगेच घासू नयेत, निदान अर्धा तास थांबावे, कारण मऊ झालेले कवच ब्रशाने झिजते. पोहणाऱ्या मुलींबाबत आणखी एक सांगावेसे वाटते. तलावातील क्लोरीनयुक्त पाण्याची आम्लता नीट राखली नाही, तर तेही दात झिजवते.

स्त्रियांच्या हिरड्यांचे गणित थोडे वेगळे आहे. मासिक पाळीच्या सुमारास आणि गरोदरपणात संप्रेरकांच्या चढउताराने हिरड्या चटकन सुजतात, रक्त येते. रक्त दिसले की घासणे सोडून देण्याची आपल्याकडे रीत आहे. ती नेमकी उलटी आहे. मूळ दोष दातांच्या कडेला साचलेल्या किटणाचा असतो, ते काढलेच पाहिजे.

कित्येक मुली स्पर्धेच्या तोंडावर दाढ ठणकली तरी औषध घेत नाहीत. उत्तेजक चाचणीत सापडण्याची धास्ती असते. दाढ बधिर करण्याचे इंजेक्शन, त्यात अ‍ॅड्रिनलिन मिसळलेले असले तरीही, निषिद्ध नाही. पॅरासिटामॉलही चालते. मात्र यादी दरवर्षी नवी निघते आणि सर्दीच्या काही गोळ्या अडचणीत आणतात, म्हणून आपण खेळाडू आहोत हे खुर्चीत बसताच डॉक्टरांना सांगावे.

आता एक अनुभव, नावगाव न घेता. वजनगटात मुष्टियुद्ध खेळणारी एक मुलगी थंड पाण्याने दात शिवशिवतात म्हणून आईबरोबर आमच्याकडे आली. समोरून दात सुरेख होते. आरसा आत घातला, तर वरच्या पुढच्या दातांची आतली बाजू काचेसारखी गुळगुळीत झिजलेली. लिंबूसरबताने ही जागा सहसा अशी झिजत नाही. पोटातले आम्ल वारंवार तोंडात आले की झिजते. आम्ही आईंना बाहेर बसण्याची विनंती केली. मुलगी बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, ‘वजन करण्याच्या आधी ओकून टाकते.’ तिची पाळी पाच महिने आली नव्हती. उपाशी शरीराची ही खूण हाडांनाही महागात पडते, हे तिला कोणी सांगितलेच नव्हते.

दात आम्ही भरले; ते सोपे होते. तिची संमती घेऊन क्रीडावैद्यक जाणणाऱ्या डॉक्टरांकडे आणि समुपदेशकाकडे तिला पाठवले. आईला सांगायचे ते तिने स्वतःच सांगितले, पण त्याला तीन आठवडे लागले. प्रशिक्षक आमच्यावर रागावले, कारण त्या वर्षीची स्पर्धा हुकली.

पुढल्या वर्षी ती वरच्या वजनगटात उतरली. दंतरक्षकाचे माप देण्यासाठी पुन्हा आली, कारण भरलेल्या दातांवर जुना बसेना. आई याही वेळी बाहेरच थांबल्या. आत येण्याची गरज नाही, असे त्या आपणहून म्हणाल्या.